कोऱ्या चौकटी

रॉचडेल,
३ मार्च १९९४

चि. मॉरीन हिस,
अ. आ.

बाबांना पोचवायला तुला सवड झाली नाही, पण त्यांच्या वस्तू मागायला चार दिवसांत पत्र आलं. धन्य आहे!

तुला हवा असलेला १४ फेब्रुवारी १९५३च्या मॅचचा प्रोग्रॅम मिळणार नाही. मैदानावर विकत घेतलेल्या त्या छापील पुस्तिका, सगळेच्या सगळे चारशे प्रोग्रॅम, मी फुटबॉल क्लबच्या प्रदर्शनाला देतोय. त्यांना कोरे हवेत, आणि बाबांनी तर एकही पान सोडलेलं नाही. बदली खेळाडू, गोल, कोळसेवाल्याच्या जाहिरातीवर 'महागलाय चोर'. आठवडाभर खोडरबर घेऊन बसलोय. त्यात बघायचंय काय? त्या दिवशी तुझ्या जन्माच्या वेळेला आई घरी तडफडत होती आणि हा माणूस शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात उभा होता. शंभरदा सांगितलंय तुला.

तुझा,
क्लिफर्ड

हल,
७ मार्च

ती. क्लिफदादा यांस,
सा. न. वि. वि.

खोडरबर! अरे, ते अक्षर म्हणजेच बाबा होते. तू त्यांच्या घरात वाढलास. मला जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी मावशीकडे धाडलं. माझ्याजवळ त्यांचं म्हणून काय आहे? फक्त तुझा शब्द. त्या शब्दावर मी दर वाढदिवसाला त्यांचं कार्ड न फोडता परत पाठवलं.

परवा एंटविसलबाई भेटल्या, गिरणीत बाबांच्या शेजारच्या मागावर होत्या त्या. म्हणाल्या, मध्यंतरात मैदानावरच्या फळ्यावर ए, बी, सी अक्षरांखाली त्याच वेळी दुसऱ्या गावांत चाललेल्या मॅचेसच्या गोलांचे आकडे लागायचे, आणि लोक ते आपापल्या प्रोग्रॅमच्या चौकटींत भरायचे. 'मैदानात असताना तुझ्या बाबानं एक चौकट कधी रिकामी ठेवली नाही, त्या दिवशीच्या बघ.' म्हणून मागतेय. मुकाट्यानं पाठव.

मॉरीन

रॉचडेल,
११ मार्च

चि. मॉरीन हिस,

पाठवलाय. खोडून झालाय, त्यामुळे चौकटी कोऱ्याच दिसतील. बघत बस. बायकांच्या चहाटळक्या ऐकून मेलेल्या माणसाची उलटतपासणी करायची तर खुशाल कर, मला पुन्हा लिहू नकोस.

क्लिफर्ड

हल,
१५ मार्च

श्री. क्लिफर्ड हॅस्लम यांस,
स. न. वि. वि.

बाबा पेन्सिल दाबून लिहायचे, हे तुम्ही विसरलात. शिसं खोडलं जातं, कागदावरचा वळ राहतो. खिडकीशी तिरपा धरला आणि सगळं वाचता आलं. नऊ नंबरचं नाव खोडून त्यावर 'पिल्किंग्टन'. मिठाईवरचं रेशन उठल्याची जाहिरात आहे, तिच्या कडेला 'एडनासाठी टॉफी, येताना'. आईसाठी, साहेब.

मग मध्यंतराचं पान. ए पासून पी पर्यंत एकाही चौकटीत वळ नाही, आणि खोडरबरही फिरलेला नाही. पानाची चकाकी शाबूत आहे. तिथे खोडायला काहीच नव्हतं. तुम्हाला माहीत होतं! बाबा मध्यंतराआधीच घरी धावले होते, आईजवळ होते. एक्केचाळीस वर्षं तुम्ही मला माझ्या बापाचा तिरस्कार करायला शिकवलंत, आणि मी तो मन लावून केला. का, एवढंच सांगा. लोभ असावा असं लिहायला माझा हात होत नाही.

मॉरीन हॅस्लम

रॉचडेल,
१९ मार्च

चि. मॉरीन,

खोटं बोललो. माफी मागत नाही.

मी नऊ वर्षांचा होतो. माझी पहिली मॅच. आदल्या रात्रीपासून ठरलं होतं, चौकटी मी भरायच्या. वीस मिनिटं झाली असतील, तोच घराशेजारचा माणूस आईचा निरोप घेऊन आला. बाबांनी प्रोग्रॅम माझ्या हातात कोंबला, एका अनोळखी म्हाताऱ्याला 'याच्याकडे बघा' म्हणाले आणि पळाले. मॅच सुटली, सगळं मैदान रिकामं झालं, तरी मला न्यायला कोणी आलं नाही. अंधार पडल्यावर फाटकवाल्यानं घरी पोचवलं, तेव्हा आई गेलेली होती आणि बाबांच्या मांडीवर तू होतीस. माझ्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

मध्यंतरात फळ्यावर आकडे लागले होते. सगळे लिहीत होते. मीही प्रोग्रॅम उघडून बसलो होतो. पण पेन्सिल बाबांच्या कानावर राहिली होती.

क्लिफ