आचलच्या बाजूची जागा

७ ऑक्टो., मंगळ.
गोंदियाच्या डॉक्टरीण मॅडमनं सांगतलं, पोरगी काय खाते, किती झोपते, काय बोलते, रोज लिव्हून ठेवा. म्हटलं, मॅडम, मी चौथी शिकली. तं म्हणे, चौथीचंच लिव्हा.
खाल्लं: वाटीभर भात. झोपली: दिवसभर, भिंतीकडे तोंड करून. बोलली: नाही.
सतरा वर्साची पोट्टी. बारावीत हाय. महिना झाला, कालेजात पाय नाही. कारण विचारलं तं मॅडम म्हणे, दरवेळी कारण राहतेच असं नाही. ताप असता तं पट्टी तरी ठेवली असती.

८ ऑक्टो.
धानावर तुडतुडा पडला. आचलचे बाबा फवारणीचं औषध शोधून राहिले. म्हटलं, ते घरात नाही ठेवायचं आता, मॅडमनं मना केलं. शेजारच्या कुसुमबाईकडे कुलपात हाय. पंप खाली ठेवला. मंग म्हणे, "आपली आचल असं करन का वं?"
म्हटलं, जा, फवारा.
रडाले टाईम कोणाले हाय. सडक अर्जुनीच्या स्टँडवर माहा चहाचा ठेला. उशीर झाला का ट्रकवाले बाजूच्याकडे जातेत.

१४ ऑक्टो., मंगळ.
दवाखाना. दुपारपर्यंत नंबर नाही. बाकड्यावर आचलच्या बाजूले एक पोट्टा. तुषार. तिरोड्याकडच्या बोदलकश्याचा, बाप तलावावर मासे धरते. नागपूरले शिकाले ठेवला होता, तिथं छाती धडधडे, श्वास लागे, परत आला. एवढा धिप्पाड! मले वाटलं, नाटकं.
मंग बसल्या बसल्याच त्याले झालं. हात लटलट कापून राहिले. डोळे मिटून पुटपुटे, "मरळ, शिंगी, वाम, कतला, रोहू…" मॅडमनं शिकवलं म्हणे, घाबरलं का ओळखीची नावं घ्यायची.
अना आचल म्हणते, "झिंगे राहिले."
पोट्ट्यानं डोळे उघडले. "झिंगे मासा नाही होय."
"मंग काय भाजी होय?"
हसला. ही बी हसली.
मी बाजूलेच. महिनाभर तोंडापुढे ताट धरून राहिली मी, मले एक शब्द नाही.
बोलली: झिंगे. मॅडम खूश होईन.

१८ ऑक्टो.
आंगणात फोनवर बोलून राहिली त्याच्याशी. दोनदा भात घेतला, वरून लोणचं मागतलं. मरमर करा आपण अना गुण येते मासेवाल्याचा.
ननंदेचा फोन. दिवाळीमांगं गावची मंडई भरते, त्या जत्रेले पाव्हणे आणते. पोराचं देवरीले किराण्याचं दुकान. "आत्ता फक्त पाहून ठेवतीन. लगन अठरा पुरे झाल्यावर. मंडईत नाही तं कधी पाहतीन, वैनी?" मंग हळूच, "ते वेडाचं औषध बंद कर तवापर्यंत. तोंड सुजल्यावानी दिसते तिचं."
म्हटलं, वेडाचं नाही होय.
"मंग कायचं हाय? सांग पाव्हण्याइले."
म्हटलं, ठेल्यावर गिऱ्हाईक हाय, अना फोन ठेवला.

२० ऑक्टो.
गोळ्या धन्याच्या डब्यात. वरून धने. आचलले सांगतलं, संपल्या, मंडई झाली का आणू. हो म्हणाली. आठवड्यानं काय होते.

२४ ऑक्टो.
झोप नाही तिले. कालपासून चिडचिड. ताट फेकलं, माह्या पायाले लागलं. आज पुन्हा भिंत. फोन वाजते, उचलत नाही.
खाल्लं

२६ ऑक्टो., रवि. मंडई
पाव्हणे पाच. साडी नेसवून बसवली. पोह्याची प्लेट हातात वाजून राहिली. पाव्हणीन म्हणे, "पोरगी मुकी हाय का बाई?" ननंद म्हणे, "लाजून राहिली."
तेवढ्यात दारात तुषार. मोटारसायकलनं आला एवढ्या दूर. हातात झिंग्याची थैली. "फोन नाही उचलला म्हणून आलो, काकू." मंग आचलकडे पाहून सगळ्याइच्या समोर, "गोळी घेऊन राहिली ना? हात काऊन कापते तुहा?"
"संपल्या," आचल म्हणे.
"संपल्या म्हणजे? एकदम बंद नाही करत त्या! मॅडमनं सांगतलं ना?"
झालं. पाव्हणीननं नवऱ्याकडे पाहिलं. चहा न पेताच उठले, म्हणे मंडईत गर्दी होईन. ननंद त्याइच्या मांगं.
मी पोट्ट्याचा दंड धरून आंगणाबाहेर केला. म्हटलं, मासेवाल्या, पुन्हा दिसला तं टंगडं तोडीन. मंगळवारी दवाखान्यात बी दिसू नोको. थैली रस्त्यावर फेकली. कुत्र्यानं नेली.
भांडला नाही. "काकू, गोळ्या सुरू करा फक्त."
घरात आली अना डबा तिच्यासमोर उपडा केला. धने सांडले, गोळ्या वर.
बोलली: "संपल्या नव्हत्या."

२८ ऑक्टो., मंगळ.
मॅडम रागावली. ऐकलं. सुरू केल्या परत.
बाकड्यावर आचलनं बाजूच्या जागेवर ओढणी ठेवली. लोक उभे. एक म्हातारी म्हणे, सरक वं बाई. आचल म्हणते, "इथं कोणी बसून हाय."
कोणी नव्हतं. मी बी उभीच, पाय भरून आले. मले नाही म्हटलं बस.
नंबर आला तरी ओढणी तिथंच ठेवून आत गेली. येऊन उचलली. तो नाही आला. फोन लागत नाही त्याचा.

२९ ऑक्टो.
नाही जेवली. ठेल्यावर तिरोड्याच्या ट्रकवाल्याले विचारलं, बोदलकश्याले कसं जातेत?
"काऊन, मासे पायजेत का बाई?"
म्हटलं, हो.

३० ऑक्टो., गुरू.
ठेला बंद. माफी मागाले नाही चालली मी. कोण होय तो. पण माह्या घरात एक शब्द नाही, अना त्याच्यासाठी जागा धरून बसते, तं काय करू?
आचलले म्हटलं, तिरोड्याकडे जाऊन राहिली, येते का? पाठ फिरवली.
चप्पल घातली तं मांगून, "कायले?"
"झिंगे आणाले. त्या दिवशीचे कुत्र्यानं नेले."
मी आंगणात उभी राहून लिव्हून राहिली. तिरोड्याची पयली गाडी गेली. आतून बालटीचा आवाज आला. तोंड धुऊन राहिली का काही पडलं, पाहाले नाही गेली. दुसरी गाडी हाय अजून.