हरकत राखून

ती. दादास,

आपल्या वखारीची जागा रस्त्यात गेली, तिची भरपाई घ्यायला वहिनीला उद्या जायचंय. तू गेल्यापासून ती मलाच विचारते, "ताई, घेऊ की नको?" तू म्हणायचास, "एवढ्या कमी पैशाला हात लावला की तो भाव कबूल केला असं होतं." मी म्हणायचे, घे आणि मोकळा हो. त्यावरून आपलं बोलणं तुटलं ते तुटलंच.

म्हणून गेला आठवडाभर वाचनालयात भूसंपादनाचा कायदा वाचत बसले. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "या वयात वकिलीची परीक्षा देताय?"

"नाही, भावाशी भांडण आहे."

"मग त्यांनाही घेऊन या की. इथे आरडाओरडा करता येत नाही, लवकर मिटेल."

मी पुढचं पान उलटलं.

काल सापडलं. पैसे घेताना ‘रक्कम मान्य नाही, हरकत राखून घेत आहे’ असं लिहून सही करायची. मग वाढीव भरपाई मागता येते. मी सांगत होते तसे मुकाट्याने घेतले असतेस, तर तो हक्क गेला असता. आणि तुलाही अडून बसायची गरज नव्हती.

वहिनीला ते वाक्य लिहून दाखवलं. म्हणाली, "हे अगदी त्यांच्यासारखंच झालं. घ्यायचंही आणि कुरकुरायचंही." दोघी हसलो.

ते सापडलं तेव्हा तुला फोन करायला म्हणून मी उठले होते. दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.

तुझी धाकटी