पाठमोरी

९ जानेवारी

शंभरावर फोटो काढले आणि एकातही नाक दिसत नाही! सगळा काळोख. त्यात दोन लाल ठिपके, ते म्हणजे धाकटीचे ग्लव्ह्ज. कॅमेरा घेऊन आठवडा झाला नाही आणि तो भिंतीवर आपटावासा वाटतोय.

आज धाकटीची वर्षातली पहिली लढत होती. इतकी वर्षं मी मागच्या बाकड्यावरून बघायचे. आज कॅमेऱ्यामुळे दोराशी उभी राहिले, रिंगपासून हातभर. लांबून बघितलेली मारामारी वेगळी आणि हातभरावरची वेगळी. आवाज येतो. ओल्या मांसावर फळी मारल्यासारखा. मी दिवसभर गोदामात मांस कापते, तो आवाज मला नवा नाही. पण ते मांस माझ्या बहिणीचं नसतं.

दुसऱ्या फेरीत समोरचीचा ओठ फाटला. रक्त उडून माझ्या बाहीवर आलं आणि नेमका तेव्हाच फ्लॅश आपोआप उघडून पेटला. पंचाने लढत थांबवली. म्हणाला, 'परत उजेड पाडलास तर तुलाच आत घेईन.' अख्खं सभागृह हसलं. धाकटीसुद्धा हसली, दात रक्ताने लाल.

जिंकली ती. माझ्याकडे पुरावा नाही.

१० जानेवारी

भिंगवाल्याकडे गेले. दुकानाला नाव आहे काहीतरी, पण त्याला सगळे भिंगवालाच म्हणतात. फोटो बघून तो हसला नाही, हे त्याचं नशीब. म्हणाला, 'कॅमेरा चांगला आहे. सोबत आलेली लेन्स अंधारात कामाची नाही. हिच्यातून उजेड आत जातच नाही, मग कॅमेरा बिचारा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि सगळं फरफटतं.'

पन्नास मिलिमीटरची लेन्स दाखवली. एवढीशी, मुठीत मावेल. हिच्यावरचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं म्हणे. उलटाच कारभार. झूम होत नाही. 'जवळचं हवं तर पुढे जा, लांबचं हवं तर मागे सर,' म्हणाला. मग त्याने तिपाई काढली. म्हटलं, रिंगच्या कडेला तिपाई लावली तर कुणीतरी तीच उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालेल. मग काचेचा फिल्टर काढला, लेन्सच्या तोंडावर लावायला. तो घेतला. तिथे काय काय उडतं ते कालच बघितलंय.

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. दुकानातून बाहेर पडल्यावर कळतं.

१२ जानेवारी

आई: 'एकीचं थोबाड फुटतंय आणि दुसरी त्याचे फोटो काढतेय. काय लेकी घातल्या जन्माला!'

१८ जानेवारी

आज सरावाला गेले, नवी लेन्स लावून. काय दिसतं! घामाचा एकेक थेंब मोजता येईल. धाकटीला शिकवणाऱ्या मास्तरच्या टकलावरची शीर दिसते. मागचं सगळं धुरकट आणि माणूस तेवढा लख्ख.

फक्त माणूस म्हणजे पाठ. सगळ्या फोटोंत धाकटीची पाठ! घरच्या माणसांनी आपल्याच मुलीच्या कोपऱ्यामागे उभं राहायचं असा तिथला नियम आहे. ती निघते माझ्याकडून आणि जाते समोरचीच्या अंगावर. मारते तेव्हा मला तिची पाठ. मार खाऊन तिकडच्या दोरावर जाते तेव्हा चेहरा. म्हणजे ती जिंकणार आणि मी हात चोळत बसणार.

घरी तिला दाखवले. म्हटलं, तुझी पाठ फार देखणी आहे. तर म्हणते, 'नाचता येईना अंगण वाकडं.' टपली मारली तिला. तिनेही मारली, आणि तिची टपली म्हणजे दोन दिवस मान वळत नाही.

नंतर मात्र एकेक फोटो मोठा करून बघत होती. म्हणाली, 'मी लढताना कशी दिसते, मला कधी कळलंच नाही. तिथे आरसा नसतो ना.'

२ फेब्रुवारी

आज मी एका माणसाला मारलं. लिहून टाकते म्हणजे डोकं शांत होईल.

उपान्त्य लढत. समोरची धाकटीपेक्षा वीतभर उंच. पहिल्याच फेरीत तिने धाकटीच्या उजव्या भुवईवरची जुनी खोक फोडली. डोक्याला टोप असतो, पण डोळ्यांपुढे तो उघडाच. रक्त डोळ्यात उतरलं. आणि माझ्या मागचा एक ढेरपोट्या ओरडतोय— 'त्याच डोळ्यावर मार! फोड तो डोळा!' खुर्चीत बसून, तोंडात दाणे टाकत. मी एकदा वळून बघितलं. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा एकपायी स्टँड उलटा धरला आणि त्याच्या मांडीवर हाणला. कॅमेऱ्यासकट! परवाच आणलेला स्टँड, हात थरथरू नये म्हणून. त्या कामाला नाही आला, या कामाला आला. तो गुरासारखा ओरडला.

मला बाहेर काढलं. दाराबाहेरून घंटा ऐकू आली आणि मग आरडाओरडा. धाकटीने तिला आडवी केली होती. मी दाराशी रखवालदाराबरोबर उभी.

अंतिम फेरीत गेली ती! जिंकली तर स्पर्धा भरवणारे तिला त्यांच्या संघात घेणार— महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला खोली, औषधपाण्याचा खर्च त्यांचा. आई पहिल्यांदाच देवाला सोडून मास्तरच्या पाया पडली.

३ फेब्रुवारी

मास्तरने मध्यस्थी केली. मला पुन्हा आत घेतील, स्टँड आणायचा नाही.

९ फेब्रुवारी

मास्तर, धाकटी आणि मी तिघं डावरीची लढत बघायला गेलो. अंतिम फेरीत धाकटीसमोर हीच. डावखुरी आहे, म्हणून डावरी. दिसायला शाळेतल्या बाई. हसून सगळ्यांना नमस्कार करते. आणि मग तो डावा हात सुटतो.

समोरच्या पोरीचं नाक मोडताना मी बघितलं. लेन्समधून. आधी वाकडं झालं, मग रक्त आलं. पोरगी खाली बसली, नीट, मांडी घालून, आणि तिला आपण कुठे आहोत तेच कळेना. डावरी तिच्याकडे न बघता कोपऱ्यात गेली आणि पाणी प्यायली.

मला सगळे फोटो मिळणार होते, पण ऐन वेळी कॅमेरा अडला. कार्ड हळू आहे. एकामागून एक काढत गेलं की त्याचा घसा भरतो. भिंगवाल्याकडून जलद कार्ड आणायचं.

मास्तर रस्ताभर एकच सांगत होता. 'डावीकडे सरकायचं. सतत डावीकडे, गोल गोल. थांबायचं नाही, परतायचं नाही. उजवीकडे आलीस की तिचा डावा हात तुझी वाट बघत उभा आहे.' धाकटी माना डोलवत होती. घरी जेवताना ताटाभोवती वाटी फिरवत बसली. डावीकडे, डावीकडे. आईने हातावर चमचा मारला.

२० फेब्रुवारी

कार्ड आणलं. पंच्याऐंशीची लेन्सही आणली, कुणीतरी वापरलेली. भिंगवाला म्हणतो चेहऱ्यासाठी हिच्यासारखी दुसरी नाही. पुढे लावायला रबराची टोपी दिली. दोराला, खांबाला टेकवली तरी काच वाचते. गेल्या महिन्याचा जादा पाळीचा सगळा पैसा गेला. गोदामात बाया विचारतात, लग्नाचे फोटो काढणार का? म्हटलं, नाही, मारामारीचे. म्हणतात, मग तेच की.

२६ फेब्रुवारी

खरं लिहिते. इथे नाही तर कुठे लिहिणार.

आज सरावात एका दांडग्या पोराचा ठोसा धाकटीच्या तोंडावर बसला. मान मागे गेली, दातांवरची रबरी पट्टी उडाली, गाल पाण्यासारखा लहरला. आणि माझ्या मनात आधी आलं— मिळाला! त्याच्यानंतर आलं— आई गं. आधी ते, मग हे. किती नीच आहे मी! फोटो सुंदर आलाय. पुसून टाकला. तिला सांगितलं, हलला.

५ मार्च

उद्या लढत. धाकटी खाटेवर बसून हाताला पट्टी गुंडाळून बघत होती. दोन्ही बॅटऱ्या भरून ठेवल्या. लेन्स पुसली, आधी फुंकर मारायच्या फुग्याने, मग कापडाने. तिला म्हटलं, तालमीच्या भिंतीवर सगळे बाप्येच आहेत. उद्या तुझा फोटो लागला पाहिजे. पण यावेळी तरी तोंड दाखव बाई, का पाठच चौकटीत घालू?

'तू कुठे असणार?'

'आपल्या कोपऱ्यामागे. आणखी कुठे उभी करतात मला?'

'बरं,' म्हणाली, आणि दाताने पट्टी ओढली. मग मास्तरने सांगितलेलं सगळं पाठ म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही. मला बरं वाटलं.

६ मार्च

जमेल तसं लिहिते.

पहिल्या फेरीत मी खुशीत होते. चेहरा! चेहऱ्यामागून चेहरा. डोळे, भुवई, आवळलेले ओठ, सगळं लख्ख. मी मनात भिंगवाल्याला शंभर आशीर्वाद दिले. पंच्याऐंशीची कमाल. म्हटलं, आलं आपल्याला.

मास्तर माझ्या कानाशी ओरडत होता, 'डावीकडे! डावीकडे जा!' ती जायची. दोन पावलं, चार पावलं, अर्धा फेरा. आणि मग परत फिरायची. उजवीकडे. थेट त्या हाताखाली. फाट्. परत डावीकडे, परत अर्धा फेरा, परत माघारी. फाट्. मास्तरचा आवाज बसला. 'कुठे वळतेस? का वळतेस?' दोन फेऱ्यांमध्ये त्याने तिचं डोकं टोपासकट दोन्ही हातांत धरून सांगितलं. तिने मान हलवली. उजवा डोळा तोवर मिटला होता, भुवई उघडी पडली होती. पंचाने दिवा मारून डोळा बघितला. ती म्हणाली, दिसतंय. खोटं बोलली.

तिसऱ्या फेरीत डावरीने तिला खाटकासारखं कापून काढलं. मी त्या धंद्यातली आहे, मला कळतं. उगाच एकही घाव नाही. रक्ताचा शिंतोडा माझ्या फिल्टरवर आला. मी तो बाहीने पुसला आणि पुन्हा डोळा लावला. का लावला? देवा, का लावला! शेवटचा ठोसा बसला तेव्हा हाडाचा आवाज आला. ती माझ्या बाजूला तोंड करून उभी होती आणि तशीच, उभीच्या उभी पुढे पडली. मास्तरचा टॉवेल रिंगमध्ये पडला, तो नंतर.

रुग्णवाहिकेत तिचा ग्लव्ह काढताना मी रडले. आई नाही रडली.

७ मार्च

डोळ्याखालचं हाड मोडलंय. आतला पडदा सुटलाय. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, दिसेल की नाही ते पट्टी काढल्यावर. लढायचं मात्र विसरा, कायमचं.

संघातली जागा अर्थातच डावरीला.

९ मार्च

डावरी इस्पितळात आली. हातात फळं. मला दारातच दिसली आणि माझं डोकं फिरलं. कॉलर धरली, भिंतीला लावली आणि मुस्काटात ठेवून दिली. जिच्या एका हातात माझं सगळं तोंड मोडलं असतं, तिने हातसुद्धा वर केला नाही. गालावर माझी बोटं उठली. म्हणाली, 'मार. पण एक सांगते. ती माझ्या हातात येऊन उभी राहत होती. दर वेळी. मला वाटलं काहीतरी डाव आहे, म्हणून मी आणखी जोरात मारलं.'

फळं खाली सांडली होती. तिनेच वेचली, बाकड्यावर ठेवली आणि गेली. आईने माझ्याकडे बघितलं आणि फळं पिशवीत भरायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ मार्च

मास्तर येतो, बसतो, जातो. घाबरली असेल म्हणतो. डोक्याला मार बसून दिशा कळेनाशी झाली असेल म्हणतो. पण पहिल्या फेरीत, मार बसायच्या आधीच ती वळत होती. मग स्वतःवरच चिडतो— शिकवण्यात माझंच चुकलं. म्हातारा दिसायला लागलाय.

कार्ड घेऊन भिंगवाल्याकडे गेले होते. म्हटलं, पुसून दे सगळं, माझ्याने होत नाही. त्याने आधी बघितले. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, 'ताई, हे पुसू नका. असे चेहरे मी माझ्या जन्मात बघितले नाहीत.' मी कार्ड हिसकावून घेतलं. दोन्ही लेन्स त्याच्या काउंटरवर ठेवल्या आणि निघून आले. तो हाका मारत होता.

२१ मार्च

पट्टी काढली. त्या डोळ्याने उजेड कळतो, माणूस कळत नाही. मास्तरने तिला आज हळूच विचारलं, 'एवढं घोटून घेतलं होतं, मग परत का फिरत होतीस गं?' तिने तोंड भिंतीकडे वळवलं. तो गेल्यावर माझा हात धरला आणि म्हणाली, 'तशीच पुढे गेले असते तर तुझ्याकडे पाठ झाली असती, ताई. आले ना चांगले?'