मडक्यातलं बी

अणदूर
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रसेनदादा,

सप्रेम जय भीम. आई बरी आहे, गुडघे सोडून. तुझा बर्फातला फोटो तिनं गल्लीभर दाखवून माझ्या मोबाईलची बॅटरी संपवली.

ज्वारीवरचा तुमचा शोधनिबंध छापून आला म्हणे. मी उघडायला गेले, तर सभासदांनाच वाचता येतो. नमुने मी गावोगाव फिरून गोळा केले, आणि मलाच दार बंद! हसावं की रडावं?

शेजारच्या दगडामावशी रोज दारात येऊन विचारायच्या, "संघे, माझं बी कवा येणार गं? पेरणी तोंडावर आली." मी नमुन्याला नेलेली ती ज्वारी त्यांच्याशिवाय कुणाकडंच नव्हती. मी विद्यापीठाला लिहिलं. ते म्हणाले, प्रकल्प संपला, बी परदेशातल्या शीतगृहात आहे, तिकडं विचारा. तुमच्या संस्थेकडून उत्तर आलं की अर्ज भारतातल्या भागीदार संस्थेनंच करायचा. आणि इथला प्रकल्प बघणारे आपले सर तर निवृत्त झालेत. आता कुणाच्या पाया पडू?

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. नमुन्याला दोन मुठी पुरल्या असत्या. पण फॉर्मवर अर्धा किलो होतं आणि मडक्यातही तेवढंच. बी मागायला आलेल्याला हात राखून द्यायचं नाही, ही मावशींची रीत. त्यांनी मडकं पालथं केलं. "थोडं ठेवा" एवढं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. तुझी तिकडची जागा त्या नमुन्यांवर ठरणार होती.

परवा मी नळदुर्गच्या बाजारातून ज्वारी आणली आणि "आलं तुमचं बी" म्हणून त्यांना दिली. त्यांनी एक दाणा दातांखाली फोडला. माझ्याकडं बघितलं.

"आलं व्हय? लई बेस झालं, पोरी."

आज सकाळी त्यांच्या अंगणात कोंबड्या ती ज्वारी टिपत होत्या. मावशी आता आपल्या दारात येत नाहीत. मला फार लाज वाटते, दादा.

चोरून पाठव असं म्हणणार नाही, तुझी नोकरी जाईल. एकदा फक्त त्या शीतगृहात जाऊन बघ. पाकिटावर मी माझ्या हातानं ‘दगडाबाई, अणदूर’ लिहिलं होतं. ते अजून आहे, की नुसता नंबर आहे, तेवढं कळव.

तुझ्यासाठी त्या दिवशी गप्प बसलेली,
संघप्रिया