डबा रिकामा देऊ नये

सोमवार, ११ जानेवारी १९७१

पंचेचाळीस पूर्ण! घरात कोणाच्या लक्षात नव्हतं. माझ्याही नाही. सातवीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना खडू थांबला, तेव्हा आठवलं. मुली म्हणाल्या, "बाई, काय झालं?" म्हटलं, काही नाही, लिहा.

मधल्या सुट्टीत विमलला सांगितलं. ती लगेच तोंड वाकडं करून, "मग आता म्हातारी म्हणू का तुला, भागू?" माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण मिरवते अशी की जणू लेकच माझी! पितळी डबा पुढे केला. राहात्याहून भावाने पाठवलेले पेरू होते, चिरून, मीठ-तिखट लावून. हा डबा मूळचा तिचा की माझा, हे अठरा वर्षांत दोघीही विसरलोय. तिच्याकडून भरून येतो, माझ्याकडून भरून जातो. काहीच नसलं घरात तर गुळाचा खडा. भांडं रिकामं परत देऊ नये, एवढंच दोघींच्या आयांनी दोघींना सारखं शिकवलं.

मोठ्या बाई एप्रिलअखेर निवृत्त होणार. त्यांच्यानंतर नोकरीत सर्वांत जुनी मी. कोणी उघड बोलत नाही, पण रंभाजी शिपाई आतापासूनच माझी खुर्ची जरा जास्त पुसतो.

यंदा तीन गोष्टी करायच्या. मोठ्या बाईंची खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्या दिवशी पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप काढायचं. मुलींनी पुस्तकं घरी न्यायची! दुसरी, स्वयंपाक करताना चिडायचं नाही. तिसरी, रोज इथे निदान एक ओळ.

शनिवार, १६ जानेवारी

थंडी कडक. शाळा सकाळची, म्हणून दुपारी शेंगोळे केले. ह्यांची फर्माईश. हुलग्याचं पीठ आणि लसूण जरा जास्तच. हळद-तिखट घालून घट्ट मळलं, तेलाच्या हाताने एकेक वळत बसले. अर्धे झाले तर हे कागद घेऊन स्वयंपाकघरात. हे जिथे कारकून, त्या वकिलांच्या कचेरीतून येतानाच टाईप करून आणलेला.

"विम्याचा आहे. सही कर."

"हात पिठाचे आहेत हो!"

"एक सही, त्याला काय लागतं? सोमवारी द्यायचाय."

जवळचं हल्ली दिसतच नाही. अक्षरं मुंग्यांसारखी. कागद दुमडून जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. कोपऱ्याला हळदीचं बोट लागलं. "अगं, डाग!" म्हणाले. मग जरा वेळ बघून, "असू दे. चालेल."

जेवताना तिसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हणाले, "मोठ्या बाई झाल्यावर असे शेंगोळे कोण करणार? शिपाई?" मी हसले. खरं तर पदार्थ छानच झाला होता.

बुधवार, ३ फेब्रुवारी

विमलला आज पोटातलं सगळं सांगून टाकलं. कडुलिंबाखाली बसलो होतो. म्हटलं, मध्येच अंगातून वाफा निघतात. वह्या तपासताना ओळी एकमेकींवर चढतात. कधीकधी वाटतं नको ती खुर्ची, नको काही. पडून राहावं. आमटीत परवा मीठ दोनदा पडलं!

ती म्हणाली, "मला बी होतंय ते वाफांचं. गार पाणी पी आणि खुर्चीत बस. लई झालं रडगाणं." मग स्वतःच्या डब्यातली मेथी माझ्या भाकरीवर ठेवली.

एवढं बोलायला दुसरं कोण आहे मला? लेक सुप्याला सासरी, तिला काळजी कशाला. घरी बोलले तर हे म्हणतात, "मग सोड ना." सोडणं हा एकच उपाय ह्यांना सुचतो, आणि तो फक्त माझ्यासाठी.

मंगळवार, ९ मार्च

चष्मा लागला. तांदळात इतके खडे असतात हे माहीत नव्हतं! आरशातही बरंच काही नवीन दिसलं.

शनिवार, २७ मार्च, पाडवा

विमल जेवायला होती. दिल्ली दरवाज्याजवळच्या खोलीत एकटी काय गुढी उभारणार, असं तीच म्हणते. नवरा गेला तेव्हा वीस वर्षांची होती. मग शिकली, नोकरी धरली. तिच्या पुरणपोळीपुढे माझी जाडजूड.

ह्यांनी तिला विचारलं, "काय विमलबाई, आमच्या हिला मोठ्या बाई करणार ना तुम्ही?" ती म्हणाली, "आम्ही कोण करणारे, भाऊजी? हक्काचंच आहे तिचं." हे पोळी मोडत बसले.

शनिवार, २४ एप्रिल

विमल.

सूचनाफलकावर कागद लागला. पुढील वर्षापासून मुख्याध्यापिका विमलबाई. रंभाजी माझ्याकडे बघेना. बाकीच्या बायका अभिनंदनाला तिच्याभोवती, मग एकेक करून माझ्याजवळ. हळू आवाजात, सुतकात बोलतात तसं. एक म्हणाली, "तुम्हालाच नको होतं म्हणे?" मला! कोण म्हणे? पण ती तेवढ्यात सटकली.

विमल जवळ आली. चेहरा लाल. म्हणाली, "भागू, तू मला आधी सांगायचं तरी होतंस!"

मी? मी सांगायचं? मी चप्पल घालून निघून आले. घरापर्यंत चालत. रस्ता आठवत नाही.

रविवार, २५ एप्रिल

ह्यांना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मी नेहमी सांगतो, पोटातलं कोणाला सांगू नये. बाहेरचं माणूस ते बाहेरचंच."

मग पाठीवरून हात फिरवला. किती वर्षांनी! मला रडू आलं. वाटलं, निदान घर आहे आपल्याला.

सोमवार, २६ एप्रिल

हिय्या करून संस्थेच्या सचिवांकडे गेले. तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "या बाई! झालं ना तुमच्या मनासारखं? डोळ्यांना त्रास, तब्येत... आम्ही सगळा विचार केला."

डोळ्यांना त्रास! तब्येत!

कडुलिंबाखालचं माझं बोलणं जसंच्या तसं सचिवांच्या टेबलावर. आणखी काय विचारायचं? नमस्कार केला, उठले. मी तिला सांगितलं ते ओझं हलकं व्हायला. तिने त्याची पायरी केली.

शुक्रवार, ३० एप्रिल

मोठ्या बाईंचा निरोप समारंभ. मी पहिल्या रांगेत, विमल व्यासपीठावर. तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी हाराकडे पाहत होते.

पितळी डबा माझ्याकडे होता. सकाळी घासला. चिंचेने, मग राखेने, अगदी लख्ख. हात गुळाच्या डब्याकडे गेला, सवयीने. मागे घेतला. झाकण लावून रंभाजीकडे दिला, "विमलबाईंना दे."

त्याने हातात तोलला. "बाई, हलका हाय जनू. काही टाकायचं ऱ्हायलं का?"

"नाही."

"रिकामाच न्यायचा?"

"ने म्हटलं ना!"

म्हातारा डबा छातीशी धरून गेला, काही सांडेल अशा बेताने. खांबाआडून पाहिलं मी. विमलने झाकण उघडलं. आत बघत राहिली. मग लावलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

बुधवार, १२ मे

मसाला. दर वर्षी आम्ही दोघी करतो. ती भाजते, मी निवडते, कांडून आणून अर्धा अर्धा. यंदा एकटीने. धणे करपले. खोबरं कच्चं राहिलं. मिरच्यांच्या खकाण्याने डोळ्यांतून पाणी, तेवढं एक सोयीचं झालं. हे बाहेरून म्हणाले, "वास मस्त सुटलाय!" करपलेला वास होता तो.

हे हल्ली खुशीत असतात. "आता कशी निवांत असतेस," म्हणतात. रोज काहीतरी फर्माईश. मीही करते. हातांना काम हवं. परवा म्हणाले, "बाईमाणसाला एवढंच पुष्कळ." एवढं म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं.

गुरुवार, २७ मे

केसांत पांढरे मोजायचे सोडले.

सोमवार, १४ जून

शाळा सुरू. मोठ्या बाईंच्या खुर्चीत विमल. प्रार्थनेनंतर तिने काय केलं? पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप काढलं! "आजपासून पुस्तकं घरी न्यायची." मुलींचा नुसता कल्ला. माझी खुर्ची घेतली ते घेतली, माझं मनातलंही घेतलं. हे कपाटाचं फक्त तिलाच सांगितलं होतं मी.

दुपारी रंभाजीने पितळी डबा आणून ठेवला. "मोठ्या बाईंनी दिलाय." मसाला होता. तिचा भाजलेला, झाकण न उघडताच कळला. घरी आणून फळीवर ठेवला. उघडला नाही. उघडणार नाही.

शुक्रवार, १८ जून

आज बांध फुटला. वेतनवाढीच्या कागदावर सही करायला तिने खोलीत बोलावलं. "बस ना, भागू."

म्हटलं, "भागू म्हणू नका. भागीरथीबाई म्हणा."

तिने पेन खाली ठेवलं. "काय केलंय मी तुझं? एकदा सांगून तरी टाक. दीड महिना जीव नुसता टांगलाय माझा."

मग मी सगळं बोलले. कडुलिंब, डोळे, वाफा. "माझ्या पोटातलं नेऊन सचिवांना विकलंस आणि वर मलाच विचारतेस, मला का नाही सांगितलंस!" आवाज चढला. बाहेर रंभाजी खोकला.

ती रडेल असं वाटलं. ती चिडली! "मी सांगितलं? मी? अगं, तूच लिहून दिलंस, मला नको म्हणून! त्यांनी मला बोलवून विचारलं तेव्हा मी म्हटलं, शक्यच न्हाई. मग त्यांनी कागद दाखवला. तुझी सही. अठरा वर्षं एका डब्यात जेवलो आणि मला एका शब्दाने बोलली न्हाईस! वर डबा रिकामा पाठवतेस!"

"मी काही लिहिलेलं नाही."

ती उठली. कपाटातून माझी फाईल काढली. पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

चष्मा लावला. वाचलं.

फाईल मिटली. तिला काय म्हणाले आठवत नाही. घरी आले, भाकऱ्या केल्या, वाढल्या. आज लिहवत नाही.

शनिवार, १९ जून

कागद टाईप केलेला आहे. दृष्टी कमी झाल्याने, प्रकृतीच्या व घरच्या जबाबदारीमुळे मुख्याध्यापिकापदासाठी माझा विचार होऊ नये, ही नम्र विनंती. तारीख १६ जानेवारी. सही माझीच. कोपऱ्यात हळदीचं बोट, पिवळं, अजून तसंच.

पहाटे उठून ही वही मागे चाळली. १६ जानेवारी. शेंगोळे.

आज पुन्हा केले. फळीवरचा डबा उघडून विमलचा मसाला बरणीत काढला, त्यातलाच चमचाभर फोडणीत घातला. पितळी डबा शेंगोळ्यांनी काठोकाठ भरला. वर गुळाचा खडा. तो माझ्या पिशवीत.

ह्यांचा कचेरीचा डबा घासला, पुसला, झाकण घट्ट लावून हातात दिला.

"घरभर वास सुटलाय! शेंगोळे ना?"

"दुपारी उघडा."

त्यांनी तो हातात तोलला. "आज हलका लागतोय," म्हणाले. सायकलला अडकवून गेले.