अबोली नायलॉन

१० ऑक्टोबर १९८५, गुरुवार
चार महिन्यांनी चर्चमागच्या दुकानात गेले. शैलाला दिवाळीला फ्रॉक हवा, ह्यांना कामावर घालायला शर्ट. लोकांनी दिलेले जुने कपडे चर्चच्या बायका तिथे विकतात, गुरुवारी आणि शनिवारी दुपारी. मोनिकाबाईंनी बघताक्षणी विचारलं, "कुठे होतीस गं एवढे दिवस?" म्हटलं, धाकटी बहीण गेली जूनमध्ये. स्टोव्हचा भडका. त्यांनी छातीवर क्रूस केला. आणखी काही विचारलं नाही, बरं केलं.
फ्रॉक मिळाला. निळा. खालची दुमड उसवली की पुढच्या वर्षीही होईल. शर्ट पाहिले, कॉलर उलटून, काखेतली शिवण ताणून, उजेडाला धरून. एक धड होता, बटणं दोन कमी. घेतला.
साड्यांच्या टेबलाकडे गेलेच नाही.

१२ ऑक्टो., शनि.
कोणालाच न सांगितलेलं इथे लिहिते. नंदाच्या डोहाळजेवणाला मी दिलेली साडी ह्याच दुकानातली होती. अबोली नायलॉन, पांढरी बारीक फुलं. तेव्हा ह्यांची गिरणी बंद, नवी घ्यायची ऐपत नव्हती. पदराजवळ खोच होती, ती मी रफू केली. इस्त्री करून, नव्या खोक्यात घालून नेली. नंदाने काठ उलटला तर आत काळ्या शाईचा आकडा, २१२! दुकानाची खूण असते ती, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नंदा हसली, हळूच म्हणाली, "ताई, मी नाही सांगणार कोणाला. रंग कसला गोड आहे." तीच सगळ्यात जास्त नेसायची.
जूनमध्ये हॉस्पिटलच्या व्हरांड्यात विलास, नंदाचा नवरा, पोलिसांना सांगत होता, "नायलॉनची साडी होती साहेब, अबोली. एकदम पेटली." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही दिलेली ती."
नंदा संध्याकाळी गेली. आम्हांला बोलायला मिळालीच नाही.
चार महिने हेच. सुती घेतली असती तर.

१३ ऑक्टो., रवि.
आईला घेऊन मुलुंडला, नंदाच्या सासरी. नंदाची छकुली आता भिंत धरून चालते. आ.च्या मांडीवर अर्धा तास दिली, मग विलासची आई म्हणाली, "झोपायची वेळ झाली तिची." झोप कसली, पोर टक्क जागी.
नंदाचं कपाट उघडं होतं. आत विलासचे शर्ट. मी बघतेय हे कळलं बाईंना. "तिचे कपडे देऊन टाकले. कपडे गोळा करणाऱ्या बायका आल्या होत्या सोसायटीत. घरात ठेवून काय करायचं?" खरं आहे. ठेवून काय करायचं. एखादं पोलकं मागून घ्यायला हवं होतं आ.साठी. सुचलं नाही.
विलासला स्थळं येऊ लागली आहेत.

२४ ऑक्टो., गुरुवार
जमेल तसं लिहिते.
दुकानात दिवाळीची गर्दी. मी धाकट्या मंग्यासाठी चड्डी शोधत होते. शेजारची बाई साड्या उपसत होती, तिने एक झटकून उघडली. अबोली. पांढरी फुलं.
तसल्या शंभर असतील, असं म्हणाले मनात. तरी हातात घेतली. पदराजवळ रफू. माझाच टाका. मी आडवे दोरे दुहेरी घेते, आईने तसंच शिकवलंय. काठ उलटला. २१२. शाई फिकी, पण २१२.
कुठे डाग नाही. साधा चटकासुद्धा नाही.
त्या बाईला म्हटलं, "ही मला द्या." ती म्हणाली, "मी आधी घेतली." मी सोडेचना. शेवटी मोनिकाबाई आल्या, माझा चेहरा बघून त्या बाईला दुसरी काढून दिली.
घरी कशी आले आठवत नाही. साडी डब्यामागे ठेवली आहे. पहिल्यांदा मनात आलं, माझ्या साडीने नाही मेली माझी बहीण. रडले, सुटल्यासारखी. भात लावायला उठले तेव्हा दुसरं मनात आलं. मग विलास खोटं का बोलला?

२५ ऑक्टो., शुक्र.
ह्यांना दाखवली. उजेडात धरून बघितली. मग, "घाबरलेला माणूस काहीही बोलून जातो, सुमन. दुसरी कुठली असेल अंगावर, त्याच्या तोंडात ही आली."
"त्याने रंग सांगितला. मी दिलेली हेही सांगितलं."
"मग तुला काय वाटतं?"
नायलॉन म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. पेटतंच ते. असं मला वाटतं. पण ते तोंडातून काढवेना. काढलं की खरं होईल असं.

२६ ऑक्टो., शनि.
मोनिकाबाईंना दुकान उघडायच्या आधी गाठलं. सगळं सांगितलं. पहिल्याने म्हणाल्या, "देणाऱ्याचं नाव मी सांगत नाही. विश्वासाने देतात लोक." म्हटलं, नाव मला माहीतच आहे. तुम्ही फक्त वही बघा.
वही काढली. गेल्या वर्षीच्या पानावर, २१२, साडी, सुमन, भटवाडी. आणि ह्या महिन्यात, मुलुंड, बायकांचे कपडे, एक गाठोडं. बाकीचं गाठोडं विकलं गेलं होतं. नंदाची पोलकी, परकर, कोण कोण घालतंय आता.
मोनिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. "मीच गेले होते ते गाठोडं आणायला. त्या बाईने चहा दिला मला. गेलेल्या सुनेचे आहेत म्हणाली. मी तिच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली." मग, "तू जाशील तेव्हा मी येईन. वही घेऊन."
जाईन का?

२८ ऑक्टो., सोम.
आ.ला डबा काढताना सापडली. तिने ओळखली. मला वाटलं ओरडेल, छाती पिटेल. खाली बसली, साडी मांडीवर घेऊन घडी घालत राहिली. घालायची, मोडायची, परत घालायची. मी सगळं सांगितलं, जुन्या दुकानाचंही. त्याचं तिला काहीच नाही.
शेवटी म्हणाली, "गेलेला चेडू काय परत येवचा नाय. तू पोलिसांत गेलंस तर ती बाय नातीक दारात बघूक देवची नाय. माका तेवढाच रवलाहा."
खरं आहे. तेवढंच उरलंय तिला.
तरी झोपताना विचारते, "नंदूक खूप दुखला असात ना गो?"

३ नोव्हेंबर, रवि.
मुलुंड. छकुली "आ" म्हणाली, आ.कडे बघून. आ. दिवसभर तेच सांगतेय.
निघताना विलास जिन्यापर्यंत आला. ठरवलं नव्हतं, विचारून बसले. "विलास, त्या दिवशी तिच्या अंगावर कुठली साडी होती?"
"सांगितलं होतं ना ताई. ती अबोली. तुमची."
"नक्की?"
"डोळ्यांसमोर आहे माझ्या."
माझ्याकडे बघून म्हणाला. पापणीही लवली नाही. मग आवाज बारीक करून, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची काय चूक त्यात." माझ्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं बोलला. चार महिने मी ह्याच दयेवर जगत होते.
आ. खाली उभी होती. तिला काही बोलले नाही.

६ नोव्हें., बुध.
ह्यांना म्हटलं, मी जाणार. "ठीक आहे. मी सुट्टी टाकतो." एवढंच. पुष्कळ झालं.
आ.शी बोलायला गेले. तिने भिंतीकडे तोंड केलं.

७ नोव्हें., गुरुवार
मोनिकाबाईंनी आज दुकान उघडलंच नाही. त्या, हे आणि मी, मुलुंडच्या पोलीस चौकीवर. पाऊण तास बाकावर. मग साहेबांनी बोलावलं. तरुण आहे, नीट बोलला.
"साडी तुमच्या बहिणीचीच कशावरून?"
"मी दिलेली."
"कुठून घेतली होती?"
हवालदार लिहायचा थांबून बघत होता. ह्यांनाही आजवर माहीत नव्हतं. म्हटलं, "जुन्या कपड्यांच्या दुकानातून. बहिणीच्या डोहाळजेवणाला जुनी साडी दिली मी." ह्यांनी मान खाली घातली. पण हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.
आकडा दाखवला. वही दाखवली. रफू दाखवलं. साहेबांनी साडी बोटांनी चाचपून पाहिली, विलासचा जूनमधला जबाब मागवला, वाचला. "एका साडीवरून काही सिद्ध होत नाही, बाई. पण हा जबाब चुकीचा दिसतोय. त्यांना बोलावून विचारावं लागेल." मग, "विचारल्यावर त्यांना कळणारच, कोणी सांगितलं ते. लिहून घेऊ?"
आ.चा चेहरा समोर आला. छकुलीचे नवे दात.
म्हटलं, "लिहा."
साडी ठेवून घेतली. कागदात बांधून लाखेचा शिक्का मारला. सही केली.
घरी आल्यावर हे म्हणाले, "आधी सांगायचंस मला, जुनी होती ते." रागाने नाही. वाईट वाटून.

९ नोव्हें., शनि.
आ. जेवली नाही कालपासून. आज दुपारी पेज दिली तर घेतली. बोलत नाही.
आज दुकानाचा वार. गेले नाही. शैला निळा फ्रॉक घालून घालून बघतेय.

१५ नोव्हें., शुक्र.
दिवाळी झाली. पणत्या नाही लावल्या, पोरांना फराळ शेजारून आला. चौकीवरून काही नाही. हे विचारून आले. "बोलावलंय त्यांना, दोनदा. साहेब म्हणतात, चालू आहे." म्हणजे काय ते त्यांनाही कळलं नाही.
संध्याकाळी आ. आपण होऊन बोलली, नऊ दिवसांनी. "रविवारी जावया." म्हटलं, आई, ते आता... "माका ठावक हा. तरी जावया."

१७ नोव्हें., रवि.
मुलुंड. तिसरा मजला. कडी वाजवली. आतला रेडिओ बंद झाला. पुन्हा वाजवली. आतून छकुलीचा आवाज, काहीतरी जमिनीवर आपटत होती, मग कोणीतरी तिला उचलून आत नेलं. आवाज लांब गेला. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं.
म्हटलं, "चल आई."
आ.ने जिन्याच्या पायरीवर पदराने धूळ झाडली आणि बसली. माझा हात धरून मलाही खाली ओढलं.
"वायच बसूया. पोर रडला तर ऐकूक तरी येयत."
बसलो. दिवे लागेपर्यंत.