वरचा मजला जाऊबाईंचा

मी, शिलाई कारखान्यातली निवृत्त कटर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही कानाशी न लागता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. खालचा मजला मुलाला. वरचा मजला थोरल्या जाऊबाईंच्या ताब्यात तहहयात राहील. त्यांच्या पश्चात तो मुलीला मिळावा. मुलगा विचारतो, "आई, काकूंचा यात काय संबंध?" तर संबंध असा.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात होतो. त्या शिलाईला, मी कटिंगला. सिगारेट ओढणारे पुरुष मनात येईल तेव्हा अंगणात जात. आम्ही बायका पाणी प्यायला उठलो तरी मुकादम डोळे वटारायचा. एकदा जाऊबाईंनी मशीन बंद केली आणि सरळ त्या पुरुषांत जाऊन उभ्या राहिल्या. मुकादम मागोमाग धावला.

"बाई, तुम्ही कधीपासून ओढायला लागलात?"

"ओढत नाही. उभी आहे."

"कामावरून काढीन!"

"काढा. पण यांची सिगारेट संपेपर्यंत मी हलणार नाही."

भावजींना जाऊन वर्षही झाले नव्हते. पोटाला आधार त्या नोकरीचाच. चारचौघांत मोठ्याने खोकायलाही लाजणारी ही बाई! मी दारातून बघतच राहिले. मग इस्त्रीवाल्याने हातातली सिगारेट विझवली. म्हणाला, "साहेब, मीपण नुसताच उभा आहे."

एकेक मशीन बंद होत गेली. मीही कात्री ठेवली. सगळे अंगणात, आणि आत एकही मशीन चालू नव्हती. तेव्हा भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज आला. तिथे नदी आहे हे आम्हाला ठाऊक होते. ती ऐकली मात्र त्या दिवशी. माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतो.

मालकाने सगळ्यांना सारखी मधली सुट्टी दिली. पण ती सुरू व्हायच्या आधीच जाऊबाईंना घरी बसवले. त्यांनी मिळवलेली सुट्टी मी निवृत्त होईपर्यंत रोज घेतली, त्यांना एक दिवसही मिळाली नाही. वरचा मजला हा त्यांचा हिस्सा आहे. त्याला कोणी उपकार म्हणू नये.

२. शिलाई मशीन मुलीला. कापडाची मोठी कात्री सुनेला. तिने कागद कापलेला मला मेल्यावरही कळेल.

३. मुकादमाला मी माफ केलेले नाही. तो आता फार थकला आहे, म्हणून हे त्याच्या कानावर घालू नये.

४. हा मजकूर मी जाऊबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं, एवढं काय लिहिलंस? पाय अवघडले होते, म्हणून उठले."

मी एक शब्दही खोडलेला नाही.

ठिकाण : राहते घर
दिनांक : ९ ऑक्टोबर २०१९

लिहून देणार : धाकटी जाऊ (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१) शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
२) कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)